कच्चं किती, शिजवलेलं किती?

या पानासाठी अलीकडे आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात : ‘रॉ फूड’, म्हणजे सगळं कच्चंच खाणं, आणि ‘नॅचरल हायजीन’, म्हणजे औषधांऐवजी आहार, उपवास आणि विश्रांती यांवर भर देणारी पद्धत. शिबिरांमुळे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे हे दोन्ही शब्द आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. म्हणून या वेळचं सगळं पान या पत्रांनाच देते. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे, कारण ते वाचून मला त्या ताईंची खरोखर काळजी वाटली.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. नाशिकला प्राथमिक शाळेत शिकवते. पाडव्याच्या सुमारास एका शिबिराला गेले आणि तेव्हापासून गॅसवर शिजलेलं काहीच खाल्लेलं नाही. सकाळी फळं, दुपारी काकडी, गाजर, बीट, पालक, संध्याकाळी मोड आलेली कडधान्यं, ओलं खोबरं, भिजवलेले शेंगदाणे. आम्लपित्ताचा त्रास गेला, वजन उतरलं, अंग हलकं वाटतं. पण दोन महिने पाळी आलेली नाही आणि केस विंचरताना पुंजके हातात येतात. शिबिरातले गुरुजी सांगतात, ही ‘हीलिंग क्रायसिस’ आहे, शरीर जुनी घाण बाहेर टाकतंय, नॅचरल हायजीनचा नियमच आहे तो. सासूबाई म्हणतात, मुकाट्यानं गरम वरणभात खा. रॉ फूड आणि नॅचरल हायजीन एकच का? आणि मी कुणाचं ऐकू?

उत्तर : आधी तुमच्या तब्येतीचं बोलू. या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दिवस गेलेले नाहीत ना, हे पहिल्यांदा बघायचं. मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड. रिपोर्ट यायची वाट न बघता आजपासूनच दोन्ही जेवणांत शिजलेलं अन्न घ्या : वरण किंवा उसळ, भात किंवा भाकरी, वर चमचाभर तूप. दूध-दही चालत असेल तर तेही. सासूबाईंचा वरणभात या क्षणी तुमच्या बाजूचा आहे.

पाळी थांबली म्हणजे शरीर घाण बाहेर टाकतंय, या म्हणण्याला कसलाही आधार नाही. खाण्यातून मिळणारी ऊर्जा बरेच दिवस गरजेपेक्षा कमी पडली की मेंदूकडून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात. हे दिवस गर्भ वाढवण्याचे नाहीत, असा निर्णय शरीर घेतं. कच्च्या भाज्यांनी पोट भरतं, पण त्यांत पाणी आणि चोथा जास्त, ऊर्जा थोडी. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुख्यतः कच्चं खाणाऱ्या पाचशेहून अधिक माणसांची पाहणी करून १९९९ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. ताटात कच्च्याचं प्रमाण जितकं अधिक, तितकं हे अधिक. केसांचंही तसंच आहे. वजन झपाट्यानं उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना रोज दिसतं. खाणं सुधारलं की बहुतेकींचे परत येतात, पण त्याला काही महिने द्यावे लागतात.

आता गुरुजींच्या ‘नियमा’कडे येते. त्यांनी ज्या परंपरेचं नाव घेतलं, तिचा इतिहास पाहिला तर तिच्यात चूल विझवण्याचा हुकूम सापडत नाही.

नॅचरल हायजीन ही अमेरिकेतली एकोणिसाव्या शतकातली चळवळ. कनेक्टिकटमधले डॉक्टर आयझॅक जेनिंग्ज यांनी १८२२ च्या सुमारास औषधं देणं सोडलं आणि रुग्णांना पावाच्या गोळ्या आणि रंगीत पाणी द्यायला सुरुवात केली. रुग्ण बरे होत राहिले. ते दिवस आठवा : डॉक्टर शीर कापून रक्त काढत, पाऱ्याचं कॅलोमेल पोटात देत. त्या उपचारांपेक्षा अंथरुणावर पडून राहणं आणि स्वच्छ पाणी पिणं शंभर पटींनी बरं होतं, आणि हे धीटपणे सांगितल्याबद्दल मला त्या माणसांविषयी आदर वाटतो. त्यानंतरचे सिल्व्हेस्टर ग्रॅहम. त्यांनी उभं आयुष्य कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाचा प्रचार केला, आणि त्या पिठाचं ते काय करायला सांगत? पाव. भट्टीत भाजलेला पाव. या चळवळीच्या आरंभीच्या माणसांच्या जेवणात मध्यभागी होता तो पाव.

आज ज्याला नॅचरल हायजीन म्हणतात, त्याला घडवलं हर्बर्ट शेल्टन यांनी. जन्म १८९५, टेक्सास. १९२८ साली सॅन अँटोनिओला त्यांनी आपली आरोग्यशाळा काढली, १९४८ साली अमेरिकन नॅचरल हायजीन सोसायटी स्थापन झाली. त्यांनी सांगितलेला दिवस असा : सकाळी फक्त फळं. दुपारी मोठी वाटी भरून कच्च्या पालेभाज्या, सोबत एखादी शिजवलेली हिरवी भाजी आणि एक पिष्टमय पदार्थ, उदाहरणार्थ भाजलेला बटाटा. रात्री पुन्हा कच्चा पाला, शिजवलेली भाजी आणि एक प्रथिनांचा पदार्थ. मीठ, मसाला, व्हिनेगर, चहा, कॉफी वर्ज्य. कच्च्याला मान मोठा होता, पण शिजवलेल्याला जागा होती. आणि जेवण हा त्यांच्या शिकवणुकीचा एक भाग होता. झोप, विश्रांती, ऊन, मोकळी हवा, व्यायाम, मनाची शांतता, भूक नसताना न जेवणं, या सगळ्याला ते तितकंच महत्त्व देत.

कच्च्या आहाराचा संप्रदाय निराळ्या वाटांनी आला. झुरिचचे डॉक्टर मॅक्स बिर्शर-बेनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णांना किसलेलं सफरचंद, भिजवलेले ओट आणि सुकामेवा द्यायला सुरुवात केली. आज दुकानात मिळणारी म्यूस्ली तिथून निघाली. पुढे बोस्टनमध्ये ॲन विगमोर यांनी गव्हांकुराचा रस आणि मोड यांचा प्रचार केला. या पंथाचा नियम तापमानाचा आहे : साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर अन्न तापलं की ते ‘मेलं’, त्यातली एन्झाइम्स, म्हणजे पचनासारख्या क्रिया घडवणारी द्रव्यं, गेली. म्हणून कमी तापमानावर सुकवलेल्या चकत्या चालतात, त्यात मीठ-मसालाही चालतो. शेल्टन यांना तो चालला नसता. विगमोर गव्हांकुराच्या रसाचा एनिमाही सांगत. शेल्टन एनिमाच्या विरोधात होते आणि रस पिऊन राहण्याला ते उपवास म्हणायलाही तयार नव्हते.

तर ताई, दोघांत नातं आहे, शेजार आहे, पण दोन्ही एक नाहीत. रॉ फूडवाले अन्नाकडे बघून विचारतात, हे तापवलं होतं का? जुने हायजीनवाले माणसाकडे बघून विचारत, याला खरी भूक आहे का, याची झोप झाली का, याला हे पचतंय का? दुसरा प्रश्न मला अधिक शहाणा वाटतो. आणि तो तुम्हाला विचारला, तर उत्तर तुमच्या पत्रातच आहे : पचतंय, पण पुरत नाहीये.

एन्झाइम्सबद्दल शिबिरात ऐकलं असेलच. वनस्पतीतली एन्झाइम्स ही प्रथिनं असतात. पोटात गेल्यावर तिथलं तीव्र आम्ल आणि पेप्सिन हा पाचकरस त्यांतली बहुतेक तोडून टाकतात. पचनाची एन्झाइम्स आपलं शरीर स्वतः तयार करतं, काकडीतून उसनी घेत नाही. उलट शिजवण्यानं काही गोष्टी आपल्या हाती येतात. टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्लं तर जास्त शोषलं जातं. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली जेमतेम ५१, असं बेल्जियमच्या संशोधकांना १९९८ साली दिसलं. क जीवनसत्त्व आणि फोलेट मात्र उष्णतेनं आणि उकळून फेकलेल्या पाण्यातून खरंच जातं, आणि त्यासाठी कच्चं ताटात हवंच.

आपल्याकडच्या निसर्गोपचाराचा उगम पुन्हा वेगळा, जर्मनीतल्या लुई कुन्हे आणि अडॉल्फ जुस्ट यांच्या वाटेचा. ही माणसं गांधीजींनी वाचली होती. कच्च्या अन्नाचा प्रयोग तर गांधीजींनी स्वतःवर केला. १९२९ साली मोड आलेले गहू, मोड आलेले हरभरे, वाटलेले बदाम, पालेभाजी, लिंबू, मध, असं खाऊन ते राहिले, सहकाऱ्यांनाही त्यात घेतलं, आणि काय काय होतंय ते ‘यंग इंडिया’त लिहीत गेले. आमांश झाला तेव्हा प्रयोग थांबवला, आणि थांबवल्याचंही वाचकांना सांगितलं. जुनी घाण निघतेय असं म्हणून रेटत राहिले नाहीत. पुढे मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला आले आणि तिथं निसर्गोपचाराचं केंद्र उभं राहिलं. मातीची पट्टी, कटिस्नान, ऊन, साधं जेवण, हे सगळं तिथं होतं.

मी स्वतः नोकरीची पहिली वर्षं अशाच एका निसर्गोपचार केंद्राच्या स्वयंपाकघरात काढली. पहाटे पराती भरून गाजर-बीट किसायचो, लिंबं पिळायचो. पण त्याच स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात बिनमिठाची दुधी आणि पडवळ शिजत असे, तव्यावर ज्वारीची भाकरी असे, माठात ताक असे. निसर्गोपचारात आहाराच्या तीन पायऱ्या मानतात : शुद्धीकारक, शामक आणि रचनात्मक. फळांचे रस आणि कच्चं यांचे दिवस पहिल्या पायरीवरचे, आणि ते वैद्यांच्या नजरेखाली, मोजके. मग शामक, म्हणजे उकडलेल्या भाज्या, सूप, ताक. आणि घरी जाताना रुग्णाच्या हातात कागद द्यायचा तो तिसऱ्या पायरीचा : धान्य, डाळ, भाजी, दूध. पहिल्या पायरीवर कुणी घर बांधून राहत नाही, असं तिथले आमचे वैद्य म्हणायचे. तुमच्या शिबिरानं तुम्हाला नेमकं त्या पायरीवर ठेवून वाटेला लावलं आहे.

मिळवलंत ते मात्र सोडू नका. सकाळचं फळ राहू द्या. जेवणाआधी ताटभर कच्चं खायची सवय राहू द्या. आम्लपित्त गेलं ते बहुधा रात्री हलकं आणि वेळेवर जेवल्यानं, तळलेलं आणि चहा सुटल्यानं, कदाचित थोडं वजन उतरल्यानंही. गरम वरणभातानं ते परत येईलच असं काही नाही. आणि मला दोन ओळी लिहून कळवा, डॉक्टर काय म्हणाले ते.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय २८. नॅचरल हायजीनच्या पुस्तकातला ‘फूड कॉम्बिनिंग’चा तक्ता मी फ्रिजवर लावलाय. त्याप्रमाणे प्रथिनं आणि पिष्टमय एकत्र खायचं नाही, म्हणजे वरणभात, पिठलंभाकरी, उसळपोळी सगळंच चूक. कलिंगड एकटंच खायचं, आंबट फळ धान्यासोबत नाही. आई रोज रडकुंडीला येते. हे शास्त्र आहे का?

उत्तर : तक्ता काढून ठेवा आणि आईला आज वरणभात करायला सांगा.

शेल्टन यांनी १९५१ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की पिष्ट पचायला अल्कधर्मी वातावरण लागतं, प्रथिनं पचायला आम्ल लागतं, म्हणून दोन्ही एकत्र आली की पोटात आंबतात. ऐकायला पटतं. पण अन्न पोटातून लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंड पिष्टासाठी, प्रथिनांसाठी आणि स्निग्धासाठी लागणारी एन्झाइम्स एकाच वेळी ओततं. खरं पचन तिथं होतं. शिवाय तुमच्या तक्त्यातून तूरडाळीचा एक दाणा कसा सुटणार? त्यात प्रथिनंही आहेत आणि पिष्टही. हरभरा, मूग, गहू, शेंगदाणा, सगळ्यांत थोडंफार दोन्ही आहेच.

जिनिव्हामधल्या डॉक्टरांनी ५४ स्थूल माणसांना सारख्याच कमी उष्मांकाचा आहार सहा आठवडे दिला, एका गटाला असा विभागून आणि दुसऱ्याला नेहमीसारखा मिश्र. वजन दोन्ही गटांचं जवळपास सारखंच उतरलं. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले.

आणि एकत्र खाण्याचा फायदा तुमच्या आजीला ठाऊक होता. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. डाळीत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं, तांदळात कमी. तांदळात जे गंधकयुक्त अमिनो आम्ल बऱ्यापैकी असतं, ते डाळीत कमी. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. भाकरीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, पण शेजारी लिंबू पिळलेली कोशिंबीर असली की क जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषलं जातं. इथं कच्चं आणि शिजवलेलं एकमेकांना हात देतात, आणि तुमच्या तक्त्याप्रमाणे नेमकं ते लिंबूच भाकरीजवळ येऊ द्यायचं नाही.

कलिंगड एकटं खाऊन बरं वाटत असेल तर एकटं खा. त्यात काही बिघडत नाही.

प्रश्न : आम्ही सोलापूरला एकत्र कुटुंबात राहतो, लहान मुलांपासून ८० वर्षांच्या आत्यांपर्यंत. धाकट्या जाऊबाई आता सगळ्यांना सकाळी वाटीभर कच्चे मोड देतात : मटकी, मूग, मेथी, कधी राजमाही. जिवंत अन्न आहे म्हणतात. मला भीती वाटते. मी जुन्या विचारांची म्हणून वाटते का?

उत्तर : भीती रास्त आहे. राजमा तर आजच बंद करा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. चार-पाच दाण्यांनीही काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळलाच पाहिजे. मग पुढे मऊ शिजवा. मंद आचेवर कोमट ठेवून भागत नाही.

मोड काढताना आपण जे करतो, म्हणजे ओल, ऊब आणि बंद फडकं, तेच जंतूंनाही हवं असतं. ते बियांच्या सालीच्या चिरांमध्ये आधीपासून असू शकतात आणि धुऊन निघत नाहीत. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय जंतूंची मोठी साथ आली. सुमारे चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली, अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. शोध घेतला तेव्हा धागा मेथीच्या मोडांपर्यंत गेला, इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत. ती आपलीच मेथी. आणि ते स्वच्छतेचे नियम काटेकोर पाळणारा देश होता.

मोडांना मी नाही म्हणत नाही. मोड आल्यानं लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं, क जीवनसत्त्व वाढतं, डाळ लवकर शिजते. मटकीची उसळ ही आपल्याकडची फार मोलाची गोष्ट आहे. तुमच्या घरात लहान मुलं आहेत, ८० वर्षांच्या आत्या आहेत. या दोघांना, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला, कच्चे मोड अजिबात नकोत. बाकीच्यांसाठीही मोड चाळणीत ठेवून पाच-सात मिनिटं सणसणीत वाफ द्या, मग कांदा, कोथिंबीर, लिंबू घाला. कुरकुरीतपणा बराचसा राहतो. जाऊबाईंना हे उत्तर वाचून दाखवा, पण प्रेमानं. सगळ्या घराची काळजी करून त्या पहाटे उठून हे करतात, हेही खरं आहे.

प्रश्न : वय ६१, कोल्हापूर, बँकेतून निवृत्त. बारा वर्षं मधुमेह, रक्तदाबाच्याही गोळ्या चालू आहेत. नॅचरल हायजीनच्या पद्धतीनं दहा दिवस फक्त पाण्यावर राहिलं की गोळ्या सुटतात असं एकानं सांगितलं. शिबिराचे पैसे भरले आहेत. जाऊ का?

उत्तर : जाऊ नका, साहेब. पैसे परत मिळाले नाहीत तरी जाऊ नका.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन तुम्ही खाल्लं नाहीत तरी आपलं काम करत राहतात, आणि साखर धोक्याच्या खाली जाते. नव्या गोळ्यांपैकी ज्यांची नावं ‘-ग्लिफ्लोझिन’ने संपतात, त्या घेत असताना उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून आम्लता वाढते, आणि मग थेट आयसीयू. पाण्यावर राहिल्यानं सोडियम-पोटॅशियम ढळतं, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या भर घालतात. उपवास सोडतानाचे पहिले दिवस तर आणखी जोखमीचे.

शेल्टन यांच्या आरोग्यशाळेतही पाण्यावरच्या दीर्घ उपवासात एक माणूस गेला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८२ साली ज्यूरीनं त्याच्या कुटुंबाला भरपाई मंजूर केली. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचे उपवास पाहिले, त्याच्या आरोग्यशाळेतही असं होऊ शकत होतं. तुमच्या शिबिरात रात्री दोन वाजता तुमची साखर कोण तपासणार आहे?

कच्चं वाढवायचं असेल तरी तुमच्या वयात तीन गोष्टी डॉक्टरांना आधी विचारा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमॅरॉल चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवायची नाही, कारण तिच्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडं कमी काम करत असतील, तर कच्च्या भाज्या आणि रसांतलं पोटॅशियम त्रास देतं. अशा रुग्णांना आम्ही भाजी बारीक चिरून उकळून पाणी काढून टाकायला सांगतो. आणि मुतखड्याची सवय असेल, तर कच्च्या पालकाचे पेले नकोत, त्यात ऑक्झलेट फार असतं.

जेवणाची सुरुवात कोशिंबिरीनं करा, मग डाळ-भाजी, भाकरी शेवटी. जेवणानंतर रंकाळ्याला एक फेरी मारा. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, बघा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळ्या कमी होतात, अनेकांच्या होतात, पण त्या डॉक्टरांनी कमी करायच्या.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. ती आणि जावई पूर्ण रॉ-व्हीगन झाले आहेत, म्हणजे दूधदुभतंही वर्ज्य आणि सगळं कच्चं, आणि तीन वर्षांच्या नातवालाही तेच देतात. फोनवर तो फार किडकिडीत दिसतो. मी काही बोलले की भांडण होतं.

उत्तर : मोठ्यांनी काय खायचं ते त्यांनी ठरवावं, पण तीन वर्षांच्या बाळाला फक्त कच्चं वनस्पतिजन्य अन्न देऊ नये, हे मी ठामपणे सांगते. त्याचं पोट लहान, गरज मोठी. कच्च्यानं पोट लगेच भरतं, पण वाढीला लागणारी ऊर्जा, प्रथिनं, लोह, जस्त पुरं पडत नाही. बी-१२ तर कच्च्या काय, शिजवलेल्या वनस्पतीतूनही भरवशाचं मिळत नाही, आणि या वयात त्याची उणीव मेंदूच्या वाढीवर येते.

वाद घालू नका. मुलीला एवढंच विचारा, ‘बाळाचा वजन-उंचीचा आलेख डॉक्टरांनी शेवटचा कधी भरला? बी-१२ देता का?’ तिथल्या बालरोगतज्ज्ञांकडे तो आलेख असतोच, आणि रेष खाली झुकली असेल तर तीच तिच्याशी बोलेल. तोवर तुम्ही मऊ खिचडी करण्याची रीत पाठवा, पत्र म्हणून, उपदेश म्हणून नाही.

प्रश्न : रोज सकाळी कच्च्या दुधीचा रस घेतो. हृदयाला चांगला असतो ना? (लातूर)

उत्तर : दुधीची भाजी खा, रस सोडलात तर उत्तम. दुधीत कधीकधी कुकुरबिटासिन नावाचं कडू विष तयार होतं. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत, आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं कडू रस पिऊ नये असा स्पष्ट इशारा दिला. घ्यायचाच असेल तर आधी दुधीचा एक तुकडा चाखून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेका. आल्या-लिंबानं चव झाकून पिऊ नका. रस प्यायल्यावर उलटी, पोटात कळ किंवा रक्त दिसलं, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : कच्चं खायला हवं हे पटतं, पण इंग्रजी पद्धतीचं सॅलड घशाखाली उतरत नाही. घरात कुणी खातही नाही. (जळगाव)

उत्तर : तुम्ही जळगावच्या असून सॅलडच्या मागे कशाला लागता? घोळाणा करा. कोवळी मेथी निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवून पुन्हा धुवा, कोरडी करून बारीक चिरा. तिच्यात कांद्याची पात किंवा कांदा, मीठ, तिखट, भाजलेल्या दाण्यांचं कूट आणि चमचाभर कच्चं तेल घालून हातानं हलकं कालवा. हरभऱ्याचा कोवळा पाला मिळाला तर त्याचा असाच करतात, करडईच्या कोवळ्या पानांचाही. चैत्रात कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ, कोबीची पचडी, मुळा किसून दह्यात, खमंग काकडी, हे सगळे आपले कच्चेच पदार्थ आहेत. कोबी आणि फ्लॉवर मात्र पान न् पान सुटं करून धुवा, आतल्या घड्यांत अळ्या आणि जंतांची अंडी असू शकतात. अळू कधीही कच्चा नको, घसा धरतो.

ताटाचा तिसरा हिस्सा कच्चा असू द्या, भाकरीबरोबर, आणि लिंबू जेवायला बसताना पिळा. आधी पिळून ठेवलं की पालेभाजी मलूल पडते आणि मुलं ताटाला हात लावत नाहीत.